डोकं चालंना तेव्हा

३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी गावच्या बँकेवर छापा घातला आणि लढ्यासाठी वीस लाखांहून अधिक रुपये नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. नांदेडकडे उमरीची ही हकिगत पराक्रम म्हणून सांगतात, आणि तो पराक्रम होताच. पण दुकान चालवणाऱ्या माणसानं ती ऐकली की त्याला निराळाच प्रश्न पडतो: एवढ्याशा गावातल्या बँकेत त्या काळचे वीस लाख रुपये आले कुठून?

तारखेकडे नीट पाहिलं की बरंचसं उत्तर मिळतं. जानेवारी म्हणजे कापसाचा भर मोसम. मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे स्टेशन, भोवती काळी जमीन, गावात कापसाचा व्यापार. माप झालं की शेतकऱ्याला रोख लागायची. ती रोख चार महिन्यांत यायची आणि चार महिन्यांत वाटली जायची.

पुढं पिकं बदलली. नांदेड-लातूरकडे सोयाबीननं मोठा पट्टा व्यापला. पैशाची चाल मात्र फारशी बदलली नाही. इथला पैसा एक तारखेला पगारासारखा येत नाही. सोयाबीन मोंढ्यात उतरलं की येतो, कापूस वेचला की येतो, लग्नसराईत फिरतो आणि मृग निघाला की बी-खतात जाऊन बसतो. तिथून पोळ्यापर्यंत सगळा व्यवहार उधारीचा. कापडाचं दुकान असो, भांड्यांचं असो की कृषी सेवा केंद्र, मालक मोसमात मान वर करत नाही आणि मोसम सरला की गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघत राहतो. अशा दिवसांत कुणी विचारलं, "काय शेठ, नवीन काय?" की उत्तर ठरलेलं: "काय नाय बघा, काय सुचंनाच झालंय."

या वाक्याला आपण फार लवकर मान डोलावतो. कवीला कविता सुचत नाही म्हटलं की त्याच्या मागं कारणं शोधायला चारजण धावतात. दुकानदाराला सुचत नाही म्हटलं की लोक म्हणतात, याच्यात धमकच नाही, बापाची गादी मिळाली म्हणून बसलाय. माझं मत असं की दुकानदाराचं न सुचणं बहुतेक वेळा दोन ठिकाणांहून येतं: एक त्याच्या खातेवहीतून आणि दुसरं त्याच्याच जुन्या यशातून. अंगच्या गुणांचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी खातेवही. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. सेंधिल मुल्लाईनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. ऊसवाल्याचा पैसाही वर्षातून एकदाच, तोडणीनंतर येतो. या मंडळींनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर अशी दोनदा कोडी घातली. आकृत्यांची मालिका दाखवून पुढची आकृती कोणती ते विचारायचं, अशा स्वरूपाची. माणसं तीच, पण तोडणीआधी हात तंग असताना त्यांना कमी कोडी सुटली आणि पैसा हाती आल्यावर जास्त. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की पैशाची ओढाताण स्वतःच डोक्यातली जागा अडवते. माणूस कोड्याकडे बघत असतो, पण आत हप्त्याची बेरीज चालू असते. या कामावर पुढं शास्त्रज्ञांत वादही झाले, प्रत्येक समाजात परिणाम तेवढाच दिसेल असं मानायचं कारण नाही. पण आषाढात मोंढ्यातल्या कुठल्याही पेढीवर घटकाभर बसलेल्या माणसाला तो निष्कर्ष नवा वाटणार नाही. समोर गिऱ्हाईक बोलत असतं, मालक 'हं हं' म्हणत असतो आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते, कारण त्या तारखेला चेक लागणार असतो.

यातून निघणारा सल्ला अगदी साधा आहे आणि तरी क्वचितच कुणी पाळतं: नव्या धंद्याचा विचार तंगीत करायला बसू नये. आपण उलट करतो. माल उठेना, गल्ला हलेना, तेव्हा घाबरून 'काहीतरी नवीन' शोधायला लागतो. मग नांदेडला कुणी चायनीजचा गाडा लावला म्हणून आपणही लावतो, कुणी पाण्याच्या जारचा प्लँट टाकला म्हणून आपणही टाकतो. दिवाळीच्या वहीपूजनाचा काळ विचाराला खरा चांगला. मराठवाड्यात तेव्हा हातात चार पैसे असतात, जुनी वही मिटते, नवी उघडते. दुर्दैवानं त्या दिवशी आपण वहीला हळदकुंकू वाहतो आणि पेढे वाटून मोकळे होतो. आणि तंगीतच विचार करायची वेळ आली, तर आधी येणं किती, देणं किती, कुठली तारीख आधी, हे एका कागदावर उतरवून तो कागद गल्ल्यात टाकावा. डोक्यात घोळणारी बेरीज निदान दोन तास तरी कागदावर राहू द्यावी.

आता दुसरं कारण, जुनं यश. हे जास्त चकवणारं आहे. अब्राहम लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४२ साली पाण्याच्या भांड्यांची कोडी वापरून त्याचा छडा लावला. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागर-घागर मोजून ज्यांनी दिवस काढले, त्यांना हे कोडं परकं वाटू नये. तीन भांडी आहेत: एकात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. बरोबर १०० मापं पाणी काढून दाखवायचं. थोडा विचार केला की वाट सापडते. १२७ चं भांडं भरा, त्यातून २१ चं एकदा भरून घ्या, मग ३ चं दोनदा. उरले १००. लुचिन्सनं अशी पाच-सहा कोडी ओळीनं दिली आणि सगळी याच युक्तीनं सुटत होती. मग हळूच पुढचं कोडं ठेवलं: भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवंय २० मापं पाणी. ज्यांनी आधीची कोडी सोडवली होती त्यातल्या बहुतेकांनी ४९ भरलं, त्यातून २३ काढलं, मग दोनदा ३ काढलं. उत्तर बरोबर आलं. पण २३ मधून ३ काढले तरी २० च उरतात! ज्याला आधीची कोडी दिलीच नव्हती, त्याला ही सरळ वाट चटकन दिसत होती.

पुढचं कोडं त्याहून बोचरं होतं. भांडी २८, ७६ आणि ३ ची, हवंय २५. इथं जुनी युक्ती चालतच नाही, २८ मधून ३ काढणं एवढाच मार्ग. आणि नेमकं इथं कितीतरी शहाणी माणसं अडकून बसली. युक्ती आतापर्यंत दर वेळी चालली होती ना, मग आताच का चालत नाही, यातच त्यांचा वेळ गेला. लुचिन्सनं काहींना मधेच कागदावर 'आंधळे होऊ नका' असं लिहायला लावलं, तेव्हा सरळ वाट दिसणाऱ्यांची संख्या वाढली.

वडिलांच्या काळात ज्या दुकानानं उधारीवर लग्नाचा बस्ता देऊन नाव कमावलं, त्या दुकानाची पुढची पिढी हीच मोठी घागर आधी भरत असते. उधारी दिली की गिऱ्हाईक बांधलं जातं, ही युक्ती चाळीस वर्षं चालली. आता गिऱ्हाईकाच्या पोराकडे फोन आहे, तो नांदेडचा भाव बघून येतो. मालक उधारीची मुदत वाढवतो, आणखी वाढवतो, आणि म्हणतो काही सुचत नाही. त्याला बरंच सुचतंय, फक्त सगळं एकाच दिशेचं.

मराठी उद्योगात या बाबतीतलं सर्वांत शिकण्यासारखं आयुष्य लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. शाळेच्या पुस्तकात त्यांची गोष्ट 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळतात, त्यानं ती निकामी होते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तिथं लक्षात आलं की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला अंशतः रंगांधत्व! वाट बंद होणं म्हणतात ते हेच. लक्ष्मणरावांनी रंग सोडला आणि रेषा ठेवली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. त्या जोरावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. जे येत होतं त्याचे दोन तुकडे करून चालणारा तुकडा उचलणं, ही त्यांची सवय पुढं जन्मभर दिसते.

नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा ते बेळगावला आले. तिथं भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचं दुकान आधीच सुरू झालं होतं. सायकल तेव्हा फार महाग, घेणारा मोजका. मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. कडबा कापायचं यंत्र चाललं, नांगर मात्र अडला. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमिनीला विष चढतं असा शेतकऱ्यांचा समज होता.

इथं जरा थांबण्यासारखं आहे. दोन्ही यंत्रं लोखंडाची, बनवणारा एकच, गिऱ्हाईक एकच. मग एक का चाललं आणि दुसरं का नाही? मला वाटतं, फरक गिऱ्हाईकाच्या धोक्यात होता. कडब्याची पेंढी यंत्रात सारली की तुकडे डोळ्यांसमोर पडतात. नाही जमलं तर पेंढी गेली. नांगराचं तसं नाही. शेतकऱ्याला आपली जमीन आणि अख्खं वर्ष पणाला लावावं लागतं. लोखंडाच्या विषाचा समज अडाणीपणाचा म्हणून हसायला सोपा आहे, पण ज्याच्या घरात एका पिकावर वर्ष निघतं त्यानं नव्या अवजाराला घाबरणं यात अडाणीपणा फारसा नाही. अशा वेळी कारखानदार जास्त चांगला नांगर कसा करावा याचाच विचार करत बसला तर डोकं चालणं बंद होणारच, कारण अडचण नांगरात नसून बांधावर उभ्या माणसाच्या मनात असते. पुढं काळ्या रानातली कुंदा-हरळी उपटायला खोल नांगरटीशिवाय गत्यंतर नाही हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि किर्लोस्कर नांगर घरोघरी गेला. त्याला बैल जास्त लागत, तरी गेला.

बेळगावात कारखान्याच्या जागेवर नवी वस्ती वसवायचं ठरलं आणि जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला, वर कर्जही दिलं. १९१० साली तिथं वस्ती सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची खबरबात द्यायला सुरू झालेलं हे पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या हाती वाढत जाऊन मराठीतलं नामांकित मासिक झालं. नांगर विकणाऱ्याला मासिक का सुचलं, हे कोडं मला आजही गमतीचं वाटतं. गिऱ्हाईकाशी बोलत राहायची ज्याला दोन वर्षं सक्ती झाली, त्यालाच ते सुचू शकलं असावं.

नव्या वस्तू सुचण्याच्या आड येणारी आणखी एक खोड आहे. ती कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं दाखवली. माणसाला एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी द्यायची आणि सांगायचं, मेणबत्ती भिंतीवर उभी लाव. उत्तर असं की डबी रिकामी करून ती भिंतीला टाचायची आणि तिच्यावर मेणबत्ती ठेवायची. डबीत टाचण्या असल्या की लोकांना डबी ही वस्तू म्हणून दिसतच नाही. तीच डबी रिकामी करून बाजूला ठेवून दिली की जास्त जणांना लगेच सुचतं.

कापसाच्या गावाला हे पटवायला प्रयोगशाळा लागू नये. जिनिंगवाल्याला रुई दिसते, गाठी दिसतात. सरकी एके काळी दुय्यम होती. अमेरिकेत तर कापसाचं बी कुजायला टाकून देत, नदीत सोडून देत. नंतर तिचं तेल काढायला लागले आणि १९११ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं त्याच तेलापासून घट्ट केलेलं वनस्पती तूप डब्यात भरून बाजारात आणलं. आपल्याकडे सरकी म्हणजे म्हशीचं खाद्य, मग तेल, मग पेंड. आणि पऱ्हाटी? वेचणी संपली की चुलीला नेतात नाहीतर बांधावर पेटवतात. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, जी १९२४ पासून कापसावरच काम करते, त्याच पऱ्हाटीपासून फर्निचरला चालणारे पार्टिकल बोर्ड बनवायचं तंत्र तयार करून ठेवलं आहे. म्हणजे उमरीच्या शिवारात जळतं ते टेबलाचा वरचा फळा होऊ शकतं.

पण लगेच हुरळून जायला नको. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर, ट्रॉलीभर आणली तरी वजन भरत नाही, वाहतुकीतच नफा जातो. यंत्राला भांडवल लागतं आणि माल वर्षातून दोन-तीन महिनेच मिळतो. सुचणं आणि परवडणं यांच्यात मोठं अंतर आहे. लोक 'आयडिया' या शब्दावर भाळतात आणि हे अंतर पाय उचलल्यावर मोजतात.

सुचण्याला आणि तोलण्याला शरीराची अवस्थासुद्धा वेगवेगळी लागते. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी माणसांना चालताना आणि बसून असताना एकाच वस्तूचे वेगवेगळे उपयोग सांगायला लावले. चालताना सरासरी साठ टक्के जास्त कल्पना निघाल्या, तेही कोऱ्या भिंतीसमोर यंत्रावर चालत असताना. मात्र ज्या प्रश्नाला एकच नेमकं उत्तर असतं, तिथं चालण्याचा फायदा झाला नाही. दुकानदारानं यातून एवढंच घ्यावं की पहाटे स्टेशनच्या रस्त्यानं फिरून यावं आणि हिशेब मात्र बसून करावा. फिरता फिरता फोनवर भाव विचारत चालणाऱ्यांचं काय होतं, हे या संशोधकांनी तपासलेलं नाही, पण अंदाज करता येतो.

मोठी सुट्टी घेतली की सगळं सुचेल, ही आशाही तपासून घ्यावी. दादासाहेब फाळके छपाईच्या धंद्यात भागीदारांशी बिनसल्यावर रिकामे झाले, त्या काळात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना आपला मार्ग दिसला. भांडवलदाराची खात्री पटवायला त्यांनी एका कुंडीत वाटाणा लावून रोज थोडं चित्रण केलं आणि रोप डोळ्यांदेखत वाढताना पडद्यावर दाखवलं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पुढं पुन्हा भागीदारांशी खटके उडाले तेव्हा १९१९ साली ते सगळं सोडून काशीला गेले, तिथं 'रंगभूमी' नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी परतले. पण परतल्यावर पहिल्या दशकाची झळाळी त्यांच्या कामाला फारशी आली नाही. पहिल्या खेपेच्या रिकामपणात त्यांच्या हाती वाटाण्याचं रोप होतं, एक लहानसा, स्वस्त, दाखवता येण्याजोगा पुरावा. माझ्या मते फरक तिथंच पडला.

उमरीसारख्या गावात असा लहान पुरावा गोळा करायची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे 'नाही' लिहायची वही. गिऱ्हाईक काहीतरी मागतं, आपण 'नाही' म्हणतो, ते जातं आणि आपण विसरतो. विकलेल्या मालाची नोंद सगळेच ठेवतात, न विकलेल्या मागणीची कुणीच ठेवत नाही. शंभर पानी वही गल्ल्याशेजारी दोरीनं बांधून ठेवायची आणि त्यात काय मागितलं, कुठल्या गावचा माणूस होता, एवढंच उतरवायचं. उधारीच्या वहीतच मागच्या पानावर लिहायचं नाही. ती वही उघडली की मन उधारीत जातं. समजा कृषी सेवा केंद्र आहे. 'गोरठ्याचा माणूस, फवारणीचा पंप दुरुस्त करून मिळेल का, नाही.' 'करखेलीची बाई, अर्धा लिटरची बाटली, नाही, लिटरचीच आहे.' पुन्हा, 'पंपाचा वॉशर, नाही.' पुन्हा, 'पंप गळतोय, नवीन किती, परत आला नाही.' पंधरवड्यात पंपाच्या चार-पाच ओळी भरल्या की मालकानं नव्या पंपाची सूट वाढवायचा विचार बाजूला ठेवावा आणि नांदेडहून एखादा मेकॅनिक आठवडी बाजाराच्या दिवसापुरता आणून बसवावा. दुकानापुढं एक टेबल, वॉशर-नळ्यांची एक पेटी, पोरानं हातानं लिहिलेली पाटी. सामानाला किती गेले, मेकॅनिकचा रोज किती आणि पंप किती आले, हे त्या रात्री त्याच वहीच्या पुढच्या पानावर मांडायचं, आणि पुढच्या बाजारी त्याला परत बोलवायचं की नाही ते त्यावरून ठरवायचं.